वाटीभर पेट्रोल

काकूंच्या दारात पाऊल टाकलं आणि चपला काढायच्या आधीच मी ओरडलो, "गॅस पेटवू नका!"

मे महिन्यातली सकाळ, साडेनऊची वेळ. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर. ओसरीत १०० सीसीची जुनी फोर-स्ट्रोक गाडी उभी, तिच्याखाली स्टीलची वाटी, आणि वाटीत अर्ध्याच्या वर पेट्रोल. रस्ता वर्षानुवर्षं उंच होत गेल्यामुळे ओसरीतून दोन पायऱ्या उतरून माजघरात जावं लागतं. तिथे एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला देवघर, आणि देवघरात नंदादीप तेवत होता.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते आणि उतार मिळाला की पाण्यासारखी खाली उतरते. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग इंदूरच्या मे महिन्याचं काय सांगावं! रात्रभर ती वाटी उघडी होती आणि दिवा दहा-बारा पावलांवर. माझ्या हाताला कापरं भरलं. सत्तावीस वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, पण पेट्रोल आणि ज्योत एका छपराखाली इतकी जवळ कधी पाहिली नव्हती.

दिवा विझवा म्हणायला जीभ रेटेना. काकांच्या मागे काकूंनी तो अखंड ठेवलाय हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "काकू, वरच्या खोलीत न्या. पण ओसरीकडून नको, मागच्या जिन्याने." त्यांनी एक शब्द विचारला नाही. समई उचलली, पदर आडवा धरला आणि एकेक पायरी चढत गेल्या. त्या वर पोहोचेपर्यंत मी श्वास धरून उभा होतो.

मग टाकीतून पेट्रोल सोडणारा कॉक बंद केला, गाडी ढकलत मागच्या अंगणात कडुनिंबाखाली नेली आणि घराची दारं-खिडक्या सताड उघडायला लावली. दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, असं बजावलं.

नातू कॉलेजात जातो. हुशार आहे, हाताने काही करायची हौस आहे. तीन आठवडे तो ही गळती बंद करायच्या मागे होता. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देतो तो कार्बोरेटर; त्यातली आधी नीडल बदलली, मग गॅस्केट, मग फ्लोट. तरी थेंब चालूच. एका दुकानात अख्खा कार्बोरेटरच बदला म्हणून सांगितलं. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच, त्यामुळे आता तो उघडून बघायचा सराव फार थोड्यांना उरलाय. पोरगा म्हणाला, "काका, पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्याचंच असणार." मी म्हटलं, जुनं रबर त्याने फुगतं, कडक होतं, हे खरं. पण तू रबराचं सगळं नवं घातलंस ना? मग थेंब येतो कुठून, ते आधी बघू.

कार्बोरेटर समजायला अवघड नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत बॉलकॉक असतो, पाणी चढलं की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. इथे गोळा म्हणजे फ्लोट आणि नळ म्हणजे नीडल. बॉलकॉक बिघडला तर पाणी छतावर न सांडता बाहेर जावं म्हणून ओव्हरफ्लोची नळी असते. तशीच एक बारीक पितळी नळी या कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये, म्हणजे पेट्रोल साठतं त्या खालच्या वाटीत, उभी असते. पेट्रोल तिच्या तोंडापर्यंत चढलं की आतून उतरून खाली बाहेर पडतं, म्हणजे इंजिनात उतरत नाही. म्हणून तिथून गळालं की प्रत्येक जण नीडलवर संशय घेतो. बहुतेक वेळा संशय बरोबरही असतो.

मी बाऊल रिकामा करायच्या ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक प्लास्टिकची नळी लावली, ती बाऊलच्या बाजूने वर धरली, ड्रेनचा स्क्रू सैल केला आणि कॉक उघडला. नळीत पेट्रोल जिथे थांबतं तीच बाऊलमधली पातळी. एवढी साधी तपासणी, पैसा लागत नाही, पण कुणी करत नाही. पेट्रोल चढलं आणि बाऊल वरच्या भागाला बसतो त्या जोडाच्या बरंच खाली थांबलं. हवं त्याहूनही खाली. पोराने गळती थांबावी म्हणून फ्लोटची पट्टी वाकवून पातळी उतरवली होती. सकाळी चोक देऊनही गाडी खोकत होती ती त्यामुळेच. स्क्रू आवळून नळी खाली सोडली. थेंब. जरा थांबून आणखी एक थेंब.

म्हणजे पेट्रोल ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत पोहोचतच नव्हतं, तरी त्याच वाटेने बाहेर येत होतं.

बाऊल उतरवला. जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भोवती इपॉक्सीचे कण सापडले. पोराने जोडावर लेप लावला होता आणि तो पेट्रोलने भुसभुशीत होऊन आत गेला होता. सगळं धुतलं. मग बाऊल पांढऱ्या कागदावर धरून पितळी नळीच्या तोंडाच्या खालीपर्यंत पेट्रोल ओतलं. मिनिटभर काही नाही. मग खालच्या तोंडाशी ओलसर चमक आली, ती फुगली आणि कागदावर गोल डाग पडला. पोराने मोबाइलचा कॅमेरा मोठा करून नळीवर धरला. बुडापासून वर जाणारी उभी चीर, केसाइतकी. नळी दाबून बसवलेली असते, पितळ वर्षानुवर्षं ताणाखाली राहतं आणि असं चिरतं. नुसत्या डोळ्यांना ती बफिंगची रेघ वाटली असती.

पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "तीन आठवडे मी नीडलच बदलत होतो."

त्याची चूक नव्हती. नीडल बदलल्यावर बंद होणाऱ्या गळत्याच जास्त.

काकू म्हणाल्या, सराफ्यात ओळखीचे सोनार आहेत, डाग देतील. मी घाईने नको म्हटलं. सोनाराच्या चांदीच्या डागाला सहाशे-सातशे अंश लागतात. हा बाऊल हलक्या मिश्रधातूचा ओतीव. त्या ज्योतीखाली तोच आधी बसला असता. इथे साधं कथील, म्हणजे कथील-शिशाचं सोल्डर पुरे, ते १८३ अंशांच्या आसपास वितळतं.

बाऊल साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला, हवा मारली, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवला. तासभर गेला, या कामात घाई मला चालत नाही. तोवर गाडी आणि पेट्रोलचा डबा अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेले. नळीला बारीक पॉलिश पेपर मारून पितळ उजळ केलं, कथील नीट धरावं म्हणून फ्लक्सचं बोट फिरवलं आणि तापलेली इस्त्री टेकवली (आम्ही सोल्डरिंगच्या दांडीला इस्त्रीच म्हणतो). कथील आधी गोळा होऊन बसलं. नळी पुरेशी तापली तसं एकाएकी पातळ झालं आणि त्या चिरेत आपणहून ओढलं गेलं. सत्तावीस वर्षांनंतरही हा क्षण मला बघत राहावासा वाटतो.

फ्लक्स धुऊन काढला, नाहीतर तोच पुढे धातू खातो. पुन्हा पेट्रोल, पुन्हा पांढरा कागद. अर्धा तास. कागद कोरडा.

मग फ्लोटची पट्टी जागेवर आणली: पट्टी नीडलच्या स्प्रिंगच्या टोकाला नुसती टेकली पाहिजे, ते दाबलं जाता कामा नये. हे मी पोराच्या हाताने करून घेतलं, तीनदा. चौथ्यांदा त्याने मला न विचारता मोजपट्टी लावली. ऑइलच्या कांडीचा वासही घेतला, पेट्रोल इंजिनात उतरलं नव्हतं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

निघताना दोन गोष्टी सांगितल्या. गाडी उभी केली की कॉक बंद, आणि गाडी आता अंगणातच.

रात्री त्याने गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी सहाला फोन आला, कागद कोरडा होता. नंदादीप मात्र काकूंनी तिसऱ्या दिवशी खाली आणला.