जुन्या सेस्नाच्या पडद्यावर ट्रॅफिक

तिघांत मिळून विमान घेतलंय म्हटलं की पुण्याचे नातेवाईक मला अब्जाधीश समजायला लागतात. आमचं सेस्ना १७२ आहे १९७८ सालचं. न्यू जर्सीत ते जिथे उभं असतं, तिथल्या पार्किंगमधली प्रत्येक गाडी त्याहून नवी आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी उतरायच्या तयारीत धावपट्टीला समांतर, डाउनविंडवर होतो. रेडिओवर कोणीतरी बोलत होतं, पण एकाच फ्रिक्वेन्सीवर चार-पाच विमानतळ असतात, दुसरीकडचं असेल म्हणून मी सोडून दिलं. एवढ्यात काचेच्या वरच्या कडेतून एक पाइपर विमान खाली येताना दिसलं, टायरवरची झीज दिसावी इतकं जवळ. सेस्नाचे पंख वर, म्हणून आम्हाला वरचं दिसत नाही. पाइपरचे खाली, म्हणून त्याला खालचं दिसत नाही. मी उजवीकडे वळून बाहेर पडलो. त्या वैमानिकाला बहुधा अजून पत्ता नाही.

घरी बायकोला काही बोललो नाही. भागीदारांना मात्र त्याच रात्री फोन केला: पडद्यावर ट्रॅफिक, म्हणजे आसपासची विमानं, आणायचं.

आमच्याकडे एडीएस-बी, म्हणजे विमानाने आपली जागा रेडिओवरून आपोआप कळवायची सोय, त्यातलं 'आउट' होतंच. १ जानेवारी २०२० पासून नेवार्कसारख्या मोठ्या विमानतळाभोवतीच्या ३० सागरी मैलांत ते सक्तीचं झालं, आणि आम्ही आपल्या सवयीप्रमाणे २०१९ च्या डिसेंबरात धावपळ करून सगळ्यांत स्वस्त, ट्रान्सपॉन्डरमध्येच असलेलं ते बसवलं; ट्रान्सपॉन्डर म्हणजे रडारला उत्तर देणारा डबा. आउट म्हणजे साधारण सेकंदाला एकदा ओरडून सांगायचं की मी इथे आहे, इतक्या उंचीवर. दुसऱ्यांचं ऐकायचं तर 'इन' लागतं, आणि त्याची सक्ती नाही. म्हणजे चार वर्षं आम्ही नुसते ओरडत होतो.

एक भागीदार म्हणाला, आयपॅड आणि छोटा रिसीव्हर घे, काम झालं. मी ते वापरून पाहिलंय. जुलैच्या उन्हात आयपॅड तापून मान टाकतो, तोही नेमका उतरताना. पॅनेलवर गार्मिनचा जीएनएस ४३०डब्ल्यू, म्हणजे नकाशा दाखवणारा जीपीएस, होताच. पडदा तळहाताएवढा, पण डोळे तिथे आपोआप जातात. शेवटी त्यालाच जोडता येईल असा रिसीव्हर घ्यायचं ठरलं. सगळं मिळून खर्च आठ हजार डॉलरच्या घरात गेला.

कामापेक्षा कागद जास्त. त्या रिसीव्हरच्या मंजूर यादीत आपलं मॉडेल आहे का ते बघा, विमानातल्या मोठ्या बदलाची नोंद म्हणून फॉर्म ३३७ भरा, फ्लाइट मॅन्युअलला पुरवणी जोडा, आणि विमानाच्या वजनाचा हिशेब नव्याने मांडा. रिसीव्हर दोन पौंडांच्या आतबाहेर. दिवाळीत माझं वजन याहून जास्त वाढतं, त्याची नोंद कोणी मागत नाही.

वजनाची गंमत पुढेच आहे. पॅनेल उघडल्यावर मेकॅनिकने मला बोलावून घेतलं. आत दोन ओंजळी भरतील एवढ्या मेलेल्या तारा. कुठल्यातरी जुन्या मालकाने लोरानचा, म्हणजे जीपीएसच्या आधीच्या रेडिओ दिशादर्शकाचा, डबा काढला होता, तारा तशाच कापून सोडल्या होत्या. एकेकीला टोकाला कापडी चिकटपट्टी, आणि पट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं, आता न वाचता येणारं काहीतरी. त्या सगळ्या काढल्या. पोटाखाली नवा अँटेना लावला, त्याच्या भोकाला आतून पत्र्याची मजबुती दिली, आणि हिशेब केला तर विमान आधीपेक्षा हलकं निघालं.

पहिल्या उड्डाणात मी पोरासारखा खूश होतो. पडद्यावर छोटे बाण. शेजारी +०५ म्हणजे पाचशे फूट वर, -१२ म्हणजे बाराशे खाली. पण पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला गेल्यावर कंट्रोलर म्हणाली, दोन वाजता (म्हणजे घड्याळातल्या दोनच्या दिशेला, उजवीकडे पुढे), तीन मैल, दोनशे फूट वर. बाहेर बघितलं तर विमान होतं. पडद्यावर नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

ज्यांनी बसवलं त्यांचं म्हणणं, रिसीव्हर उत्तम चालतोय. ते खरंही होतं, म्हणूनच शोधायला वेळ लागला. ज्या विमानांत आउट आहे ती थेट ऐकू येतात. ज्यांत नुसता जुना ट्रान्सपॉन्डर आहे, त्यांची माहिती रडारवरून जमिनीवरचं केंद्र पाठवतं. पण केंद्र ती सरसकट वाटत नाही. तुमचं आउट जेव्हा सांगतं की 'माझ्याकडे इन आहे', तेव्हा ते तुमच्याभोवती १५ सागरी मैल त्रिज्येची आणि वर-खाली साडेतीन हजार फुटांची, कॅरमच्या सोंगटीसारखी चकती आखतं आणि त्यातली विमानं तुम्हाला कळवतं. आमच्या २०१९ च्या ट्रान्सपॉन्डरला कोणी सांगितलंच नव्हतं की घरात कान आलेत.

एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, त्यांच्याकडून आपल्या उड्डाणाचा अहवाल फुकट मागवता येतो. तो मागवला, मेकॅनिकपुढे ठेवला. त्याने ट्रान्सपॉन्डरचं सेटिंगचं पान उघडलं, एक 'नाही' होतं ते 'हो' केलं. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांचं बिलही आलं. भांडून रद्द करून घेतलं.

आता बिनतक्रार चालतंय. रडारवरून आलेलं चिन्ह काही सेकंद मागे असतं, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

गेल्या जुलैत बायकोला संध्याकाळी घेऊन गेलो होतो. सोलबर्गला बलून फेस्टिव्हल होता, आम्ही लांबून बघत होतो. खिडकीत वीसेक फुगे, पडद्यावर दोन बाण. फुग्यांना ट्रान्सपॉन्डरची सक्ती नाही, आणि जो ओरडत नाही तो आम्हाला दिसत नाही.

"यातलं एकही तुझ्या त्या टीव्हीवर नाही?"

"नाही."

"मग आठ हजार कशाचे दिले?"

तेव्हा कुठे तिला पाइपरचं सांगितलं.