आमची वाटचाल : डॅशबोर्डमागचं काम

आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं वर्कशॉप चिपळूणला आहे. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न, हेडलाइट ही सगळी कामं आम्ही करतो. पण लोक लांबून गाडी घेऊन येतात ते जुन्या गाडीच्या मीटरचं वायरिंग नीट करून घ्यायला.

सुरुवात वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या जीपपासून झाली. गुहागर-दापोलीच्या रस्त्यांवर तेव्हा कमांडर आणि ट्रॅक्सचीच चलती होती. मालकाचं लक्ष इंजिन आणि टायरकडे असायचं. टेंपरेचरचा काटा पडला तरी "भाऊ, गाडी चालतेय ना, मग राहू दे" हे ठरलेलं उत्तर. मग कुंभार्ली घाट चढताना पाणी उकळायचं, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जायचं, आणि तो बंद काटा किती महाग पडला ते कळायचं. त्याच वेळी आम्ही एक नियम केला: वायर कुठे मेली ते शोधायचं, बॅटरीवरून डायरेक्ट वायर ओढून काम भागवायचं नाही. फ्यूजशिवाय ओढलेली वायर डॅशबोर्डच्या पत्र्याला घासून शॉर्ट झाली की स्वतः जळते आणि शेजारचा अख्खा लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, जाळते.

या नियमामुळे बरंच गिऱ्हाईक गेलं. डायरेक्ट वायरचं काम अर्ध्या तासाचं, आमच्याकडे गाडी दोन दिवस उभी. पण जे थांबले त्यांनीच पुढची गिऱ्हाइकं आणली.

बिघाड बहुतेक वेळा मीटरमध्ये नसतोच. लाइट लावला की पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे जागा सोडत असतील तर आम्ही आधी अर्थिंग बघतो, म्हणजे मीटरची पत्र्याला स्क्रूने जोडलेली निगेटिव्हची वायर. लाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन मीटरच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक व्होल्ट दिसला तर पत्र्यावरचा तो गंजलेला स्क्रू काढून जागा घासायची, वायरच्या टोकाला नवा लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) बसवायचा. बऱ्याच गाड्यांत एवढ्यावर काम होतं. चार्जिंगच्या लाल दिव्याचंही तसंच. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. बल्ब गेला किंवा त्याची वायर तुटली की चार्जिंग सुरूच होत नाही, आणि लोक चांगला अल्टरनेटर बदलून बसतात. त्यांचे असे पैसे गेलेले बघितले की मनापासून वाईट वाटतं.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. आमचं दुकानही बुडालं. शेड धुऊन काढली आणि कामाला लागलो, कारण बाहेर चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग होती. पुढचे कितीतरी महिने जे काम केलं, त्यानेच आम्हाला खऱ्या अर्थाने घडवलं. पुराचं पाणी कनेक्टरमधून शिरतं आणि तांब्याच्या बारीक तारांमधून पीव्हीसीच्या आतून पुढे चढत जातं. वायर वरून चकचकीत दिसते. सोलली की तार काळी, कनेक्टरच्या पिना हिरव्या. काळ्या तारेला सोल्डर धरत नाही. म्हणून लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे मागे कापत जायचं, मग त्याच रंगाची, त्याच जाडीची वायर जोडायची, सोल्डर करायची आणि वर हीट स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. मारुती 800 च्या मीटरमागे तांब्याच्या पट्ट्यांची पातळ फिल्म असते. तिच्यावरचा चिखल ब्रशने, अगदी हलक्या हाताने काढावा लागतो. पट्टी उचलली गेली की ती फिल्म वाया.

रंगावर आमचा भारी कटाक्ष आहे. हिरव्या वायरच्या जागी हाताला लागली म्हणून लाल टाकली, तर पाच वर्षांनी ती गाडी उघडणाऱ्याला काहीच उमगत नाही. लूम खोलण्याआधी आम्ही फोटो काढतो, वहीत नकाशा काढतो आणि गाडी देताना त्याची झेरॉक्स मालकाला देतो.

मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तरी कोकणात त्या गाड्या अजून रोज रस्त्यावर आहेत. मीटरचे सुटे भाग भंगारातून निवडून, तपासून आम्ही जपून ठेवतो. सध्या दोन पोरं आणि एक मुलगी आमच्याकडे शिकतात. पहिले काही महिने त्यांच्या हातात फक्त टेस्ट लॅम्प आणि वही असते, कटर नंतर.