भिगवणला फोटो काढताय ना, मग मागचं गाव कापू नका

भिगवणच्या फ्लेमिंगोंचा फोटो म्हटलं की एकच फ्रेम सगळीकडे फिरते, गुलाबी पक्ष्यांची ओळ, खाली निळं पाणी आणि मागे काहीही नाही. फोटो देखणा असतो यात वादच नाही, पण तो कच्छचा आहे म्हणून सांगितलं तरी कोणी शंका घेणार नाही आणि मला नेमकं तेच खटकतं. कारण क्रॉप करून जे उडवलं जातं, म्हणजे पाण्यात गेलेले मोटारींचे पाइप, जाळी ओढणारी होडी, वठलेली बाभळ, एखाद्या पडक्या भिंतीचा चौथरा, ते सगळं असल्यामुळेच तर हे भिगवण आहे.

मुळात हे नैसर्गिक तळं नाहीच. हे उजनीचं बॅकवॉटर, म्हणजे धरणामागे अडून पसरलेलं पाणी. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं, काठाची काळी रानं आणि कितीतरी गावं पाण्याखाली गेली, माणसं वर माळावर आली. धरणाची क्षमता साधारण 117 टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, म्हणून उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये" अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडं पडलेलं नसतं, पाणी फक्त त्या पातळीच्या खाली गेलेलं असतं. पण काठ सपाट असल्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाणी लांबवर मागे सरकतं, मागे चिखल उरतो, चिखलात किडे, गोगलगायी, शेवाळ, आणि ते खायला पक्षी. फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि पाणी गाळून खातो, त्याला उथळच पाणी लागतं, म्हणून ज्या वर्षी धरण तुडुंब असतं त्या वर्षी ते उशिरा येतात आणि लोक उगाच म्हणतात की यंदा पक्षी कमी झाले.

भिगवणजवळच्या कुंभारगावला सकाळी लवकर होडीत बसायचं. होडी चालवणारे बहुतेक मासेमारी करणाऱ्या घरातले, त्यांना कुठल्या फुगवट्यात काय बसलंय हे आपल्या कुठल्याही ॲपपेक्षा चांगलं माहीत असतं. सूर्य पाठीशी राहील असं होडीवाल्या दादांना सांगायचं, कॅमेरा जमेल तितका पाण्याच्या जवळ आणायचा, आणि पक्षी गुलाबी दिसला तरी बराचसा पांढरा आहे हे लक्षात ठेवून एक्सपोजर थोडं खाली घ्यायचं, नाहीतर पिसांचा तपशील सगळा जळून जातो. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, मग कितीही मोठी लेन्स असली तरी फोटो शार्प येत नाही, तेव्हा लांबचे फ्लेमिंगो सोडून जवळचे शेकाटे, चित्रबलाक बघावेत. आणि कळपातली राखाडी-तपकिरी पिल्लं पण टिपा हो, सगळे गुलाबीच्या मागे असतात, त्या पिल्लांकडे कोणी बघतही नाही.

एक गोष्ट मात्र मला अजिबात सहन होत नाही, उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी थेट थव्यात घालायला लावणारे लोक. फ्लेमिंगोला उडायच्या आधी पाण्यावर बरंच पळावं लागतं, त्यात त्याची ताकद जाते, आणि परत परत उठवलं तर तो खाणार कधी? दादा नाही म्हणू शकत नाहीत, त्यांचं पोट त्यावर आहे, त्यामुळे ही जबाबदारी आपलीच. तसंच उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर उतरू नका, नदी सुरय पक्षी तिथे जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

आता पळसदेव, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक. पाणी खूप उतरलं की पळसनाथाचं जुनं देऊळ बाहेर येतं, 2024 च्या उन्हाळ्यात तर अख्खंच उघडं पडलं होतं. खाली दगडी बांधकाम, वर विटांचं शिखर, आसपास वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, आणि दगडावर दरवर्षीच्या पाण्याच्या रेषा. इतकी वर्षं पाण्यात राहून ते उभं आहे हे बघून खरंच हात जोडले जातात. संध्याकाळचं तिरपं ऊन घ्या, कोरीव काम उठून दिसतं. पण देऊळ बाहेर आलंय म्हणजे दुष्काळ आहे, आपल्याला फोटोची पर्वणी आणि तिथल्या शेतकऱ्याला घोर, तो पाण्यामागे पाइप वाढवत, चाऱ्या खणत खाली खाली चाललेला असतो, ऊस नाहीतर केळी जगवायची असते त्याला. माझं म्हणणं इतकंच की देवळाच्या फ्रेममध्ये तो पाइप येऊ द्या. ड्रोननी वरून काढलेल्या शंभर फोटोंत देऊळ एखाद्या परीकथेतलं वाटतं, पण हे गाव खरं होतं, इथे लोक नांदले, आणि त्यातले काही जण आजही हायवेलगतच्या नव्या पळसदेवात राहतात, त्यांना विचारलं तर कुणाचं घर कुठे होतं ते बोट दाखवून सांगतात.

डिकसळचा जुना पूलही असाच. ब्रिटिशांच्या काळात त्यावरून रेल्वे जायची, 1860 पर्यंत ही लाइन सोलापूरला पोचली होती, पुढे धरणामुळे रेल्वेमार्ग बदलला आणि पूल इंदापूर-करमाळ्याच्या रस्त्याला मिळाला. त्याच्या दगडी खांबांखाली पाणकावळे बसलेले असतात, एका फोटोत पक्षी आणि इतिहास दोन्ही मिळतात, तरी तिथे फारसं कोणी थांबत नाही.

सध्या मी वेगळंच शोधतोय. धरणाच्या आधीचे फोटो. लग्नातला ग्रुप फोटो, नदीच्या घाटावर काढलेला, शाळेचा, जत्रेतला, मागे कुठेतरी वाड्याची भिंत किंवा देवळाचं शिखर दिसतंय असा कुठलाही. इंदापूर, करमाळा, दौंड भागातून उठलेल्या गावांपैकी कुणाच्या आजीच्या ट्रंकेत असा फोटो असेल तर प्लीज एकदा मोबाईलवर नीट उजेडात काढून ठेवा, मागे गावाचं नाव आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहून ठेवा, विशेषतः ज्यांना ती ओळखता येतात ती माणसं अजून आहेत तोवर. आणि मला दाखवायला चालणार असेल तर खाली कमेंट करा, आज त्याच जागी पाणी कुठवर आहे, तिथे कुठले पक्षी बसतात, ते मी होडीतून जाऊन टिपून तुम्हाला पाठवेन.