ऑटोमॅटिकचा पिकअप वाढतो का, भाऊ?

‘भाऊ, ऑटोमॅटिक आहे, रिमॅप करता येते का? समृद्धीवर मजा नाही येत.’ गॅरेजवर हे नेहमी ऐकतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. येतं. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून जोर वाढवणं. पण आधी गिअरबॉक्स कोणता ते बोला.

एएमटी असेल तर नाद सोडा. तो मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं अ‍ॅक्च्युएटर करतो. गिअर बदलताना गाडी जी डुलकी घेते, ती इंजिनाचा रिमॅप करून जात नाही. त्यातून इंजिन बिनटर्बोचं, म्हणजे जादा हवा दाबून भरणारा टर्बो नसलेलं, असलं तर हाती फारसं काही लागत नाही. अशांना मी चांगले टायर सुचवतो. नाराज होतात.

सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, त्याला माझा सरळ नकार. दोन पुलींमध्ये स्टीलचा पट्टा, आणि त्याला धरून ठेवतो ऑइलचा दाब. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, बेसुमार वाढवला की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात. मग बिलाचा आकडा बघून माणूस बाकावर बसतो.

खरी गंमत टर्बो इंजिनासोबतच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (ऑइलमधून जोर पुढे देणारा ऑटोमॅटिक) आणि डीसीटीत (दोन क्लचचा ऑटोमॅटिक). स्टेज वन, म्हणजे पार्ट न बदलता केलेल्या, रिमॅपने वीस-पंचवीस टक्के टॉर्क सहज वाढतो. पण फोक्सवॅगनचा ड्राय क्लचवाला सात गिअरचा डीएसजी घ्या, तोही डीसीटीच. त्याची टॉर्कची मर्यादा 250 न्यूटन मीटर, आणि 1.5 टीएसआय इंजिन कंपनीतूनच 250 देतं. शिल्लक काय राहिली? लोक तरी करतातच. करायचंच तर इंजिनासोबत गिअरबॉक्सचा टीसीयू, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, तोही ट्यून करून घ्या. नाहीतर त्याला वाढलेल्या टॉर्कचा पत्ताच नसतो. तो जुन्याच हिशोबाने क्लच दाबतो आणि क्लच घसरत राहतो.

इंजिनाआधी मी गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ, बघतो. नवं एटीएफ बहुतेक लालभडक असतं. वापरलेलं पांढऱ्या कापडावर टाकलं आणि काळपट डाग पडून जळका वास आला, की रिमॅपचा विषय तिथेच बंद. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लेप चालतो, चमकणारे कण चालत नाहीत. ‘लाइफटाइम ऑइल’ म्हणणाऱ्याने नागपूरचा 45 अंशांचा मे आणि वर्धा रोडचा ट्रॅफिक धरलेला नसतो. त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनी पैसे आधी ऑइलवर आणि मोठ्या कूलरवर घालावेत. मित्राला दाखवण्यासारखं त्यात काही नाही, हे कबूल.

बाकी कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कंपनीच्या मूळ नोंदीला सोडून बदल चालत नाही. वॉरंटी जाऊ शकते, क्लेमच्या वेळी विमावाले बोट ठेवू शकतात. आणि समृद्धीवर कारला मर्यादा 120 ची, जी तुमची गाडी आजही आरामात गाठते.

तरीही यायचं असेल तर सकाळी लवकर या. बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. ऑइल ठरावीक तापमानाला, काहींत 35 ते 45 अंशांना असताना, प्लग उघडून पातळी बघायची असते. मे महिन्यातल्या दुपारी नुसत्या उभ्या गाडीचंच ऑइल तिथे पोचलेलं असतं. इंजिन सुरू करून मोजायला जावं, तोवर आकडा पुढे निघून गेलेला.