दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर

गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, आधी घेतला, ही पहिली चूक. डॅलसला अशा फिरत्या घरांच्या एका प्रदर्शनात, आरव्ही शोमध्ये, मुलांनी बंक बेड बघितले, बायकोने घरच्यासारखा मोठा फ्रीज बघितला आणि विषय तिथेच संपला. लांबी 33 फूट, रिकाम्याचं वजन 6,900 पौंड, सामानासकट जास्तीत जास्त 8,900. म्हणजे चार टनांचं बिऱ्हाड. आमच्या दारात हाफ-टन वर्गातला, म्हणजे मोठ्या पिकअपांमधल्या सगळ्यात हलक्या वर्गातला, पिकअप होताच, आणि त्याच्या माहितीपत्रकात ओढायची क्षमता 11,000 पौंड छापलेली. एवढ्या वजाबाकीवर मी निवांत झालो. पेशाने इंजिनिअर आहे, हे इथे मुद्दाम सांगत नाही.

पहिलीच खेप ऑस्टिनच्या दिशेने, आय-35 वरून. एक अठरा चाकी ट्रक शेजारून पुढे गेला. त्याच्या हवेच्या लोटाने ट्रेलर आधी बाहेर रेटला गेला, मग आत ओढला गेला, आणि त्याच्यामागोमाग माझ्या पिकअपची मागची बाजूही डुलली. स्टिअरिंग हातात इतकं हलकं लागत होतं की पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकलीयत की काय असं वाटावं. मागे मुलांची मस्ती चालू होती. बायको मात्र गप्प झाली, आणि ती गप्प झाली की मला कळतं.

रात्री अण्णांना फोन केला. अण्णांनी वाळव्यात उभी हयात ऊस लावण्यात आणि बैलगाडीने कारखान्यावर नेण्यात घालवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडी उलाळ झालीया का?"

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की धुरा वर उचलतो, जू बैलांच्या मानेवरून सुटू बघतं. ती उलाळ गाडी. पुढे जास्त झाला तर बैलांच्या माना मोडतात. ट्रेलरचंही हेच आहे. त्याच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के वजन पुढच्या दांडीवर, म्हणजे पिकअपच्या मागच्या जोडणीवर (हिचवर), पडलं पाहिजे. कमी पडलं तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. आमच्या दांडीवर किती पडतंय, मला माहीत नव्हतं. "मग काट्यावर घाल की," अण्णा म्हणाले.

अमेरिकेत हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. पुढचा अ‍ॅक्सल एका पाट्यावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर. काट्यावरच्या माणसाशी बोलायचं बटण मोठ्या ट्रकच्या खिडकीच्या उंचीला, त्यामुळे मी गाडीतून उतरून टाचा उंचावून दाबलं. पावतीवर आकडे आले: पुढे 2,960, मागे 4,300, ट्रेलरची चाकं 7,180. ट्रेलर सोडून पिकअपचं एकट्याचं वजन केलं तेव्हा ते 6,160 भरलं, म्हणजे ट्रेलरने पिकअपवर 1,100 पौंड टाकले होते. ते धरून 8,280 च्या ट्रेलरला 13 टक्क्यांच्या आसपास. गाडी उलाळ नव्हती. भरली होती बरोबर.

पण पिकअपची स्वतःची कमाल मर्यादा 7,000, आणि तो पुढचे-मागचे मिळून भरला होता 7,260. फक्त आम्ही चौघे आत असताना!

तेव्हा कुठे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर नीट वाचला. माणसं आणि सामान मिळून 1,480 पौंडांपेक्षा जास्त नको, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. 670 किलो. ट्रेलरच्या दांडीचं वजनही यातूनच वजा होतं, हे कुणी सांगत नाही. माहितीपत्रकातला 11,000 चा आकडा खोटा नसतो. एसएई या वाहन-इंजिनिअरांच्या संस्थेच्या जे2807 मानकाप्रमाणे तो काढतात, अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर एसी चालू ठेवून वेग ताशी 40 मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही वगैरे. पण त्या हिशेबात गाडीत 150-150 पौंडांची दोनच माणसं असतात. आमच्याकडे उन्हाळ्यात आई-अण्णा येणार होते. सहा जणांचे 770, हिचच्या लोखंडाचे 100, दांडीचे 1,100. सामान धरायच्या आधीच 1,970.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लाव, सगळं ठीक होईल, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. ते लावलेलंच होतं. त्याने वजन पुढच्या चाकांकडे थोडं सरकतं, स्टिकरवरचा आकडा वाढत नाही.

अण्णांना हिशेब वाचून दाखवला. "गाडी चांगली भरलीया. बैल बारकं हाय."

मग दोन शनिवार डीलरांच्या आवारात फिरलो. इंजिन, स्क्रीन, सीटचं लेदर काही बघायचं नाही; दार उघडायचं, स्टिकरचा फोटो काढायचा, दार लावायचं. एक विक्रेता तर मला विमा कंपनीचा माणूस समजला. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत चारशे-चारशे पौंडांचा फरक निघाला, कारण सनरूफ, फोर-व्हील-ड्राइव्ह, भारी सीट हे सगळं क्षमतेतूनच जातं. जितकी महाग गाडी, तितकी कमी उचलते. हे मला अजून पटत नाही, पण आहे.

हाफ-टनच्या वरच्या पाऊण टनात, म्हणजे 2500 किंवा एफ-250 या मॉडेलांच्या वर्गात, खरा पेच डिझेलचा होता. डिझेलला टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, भरपूर, उतारावर इंजिननेच वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक, आणि टर्बोमुळे डोंगरात दम टिकतो. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाची ताकद उंचीच्या दर हजार फुटांना तीनेक टक्के घटते. पण डिझेल इंजिन जड, त्याने पुन्हा क्षमता खाल्ली. मी बघितलेल्या डिझेल गाड्यांचे स्टिकर 2,000 च्या आसपास होते, पेट्रोलच्या एका साध्या मॉडेलचा 2,960. किमतीत दहा हजार डॉलरचा फरक, शिवाय धूर साफ करणारं डीईएफ नावाचं द्रव भरत राहायचं. आम्ही कोलोरॅडोला वर्षातून एकदा जाणार, बाकी टेक्ससमधलीच स्टेट पार्कं. पेट्रोल घेतलं, कापडी सीटचं, पुढे तिघांचं बाकडं असलेलं. ट्रेलर ओढताना गॅलनला आठ-नऊ मैल देतो. रडत नाही.

जूनमध्ये अमरिलोमार्गे निघालो. पुढे अण्णा, मध्ये बायको. कोलोरॅडोच्या सीमेवरचा रॅटन पास हा घाट 7,834 फुटांवर आहे. चढावर इंजिन किंचाळलं, आम्ही उजव्या लेनमधून ट्रकांच्या मागे सावकाश वर गेलो. उतारावर ओझं ओढतानाचा टो-हॉल मोड लावला, गिअर खाली पडले, आणि पायथ्याच्या ट्रिनिडाद गावापर्यंत ब्रेकवर पाय फार थोडा गेला. अण्णांचा हात मात्र डोक्यावरच्या दांड्यावरून सुटला नाही.

खाली एका ट्रक स्टॉपवर त्यांच्या हट्टाखातर पुन्हा काटा केला. सगळे आकडे मर्यादेच्या आत. पावती हातात घेऊन त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "हितं काटा मारत न्हाईत न्हवं?"

मी सांगितलं की कॅट स्केलची लेखी हमी असते. यांच्या काट्यावर वजन मर्यादेत भरूनही पुढे रस्त्यात जास्त वजनाचा दंड झाला, तर काटा तपासून एकतर दंड तेच भरतात, नाहीतर कोर्टात साक्षीला उभे राहतात. अण्णांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग पावतीची चौघडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. वाळव्याला गेल्यावर कारखान्याच्या लोकांना दाखवायची म्हणे.