टोहोच्या गवतात काय न्यावं

माझा भाचा नोकरीसाठी इथे फ्लोरिडात, टॅम्पाला आलाय आणि त्याला बास, म्हणजे इथल्या तलावांतला गोड्या पाण्यातला मासा, धरायचं वेड लागलंय. परवा त्याने मला दुकानाच्या वेबसाइटवरची यादी पाठवली. सहा रॉड, चार रील आणि रबरी आमिषांची इतकी पाकिटं की मोजायचा कंटाळा आला. खाली प्रश्न: "मावशी, एवढ्यात भागेल ना?" अरे बाळा, एवढ्या पैशात जुनी जॉन बोट, म्हणजे सपाट तळाची छोटी होडी, येते! फोनवर त्याला जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते. आमच्या मंडळातले आणखी दोघं-तिघं गणपतीच्या जेवणात हेच विचारत होते.

पहिलं म्हणजे आमिष शेवटी निवडायचं. आधी गवत बघायचं.

मी सेंट क्लाउडला राहते, म्हणजे टोहो तलाव जवळच. पूर्ण नाव टोहोपेकालिगा, पण तेवढं कुणी म्हणत नाही. सुमारे 18,800 एकरांचा पसारा, पण उथळ, आणि काठाने बघावं तिकडे हिरवंगार. 2001 च्या जानेवारीत डीन रोहासने इथे स्पर्धेत एका दिवसात पाच माशांचं मिळून 45 पौंड 2 औंस वजन दिलं, तेव्हापासून लांबलांबून लोक येतात. येतात ते स्वच्छ पाण्यातली नाजूक हत्यारं घेऊन, आणि दुपारी रिकाम्या हाताने गवताला शिव्या देत परततात.

यातलं अर्धं गवत आपल्या ओळखीचं आहे. शाळेत नरसाळ्याखाली ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवायचे ती हायड्रिला आठवते? तीच. 1950 च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून ती फ्लोरिडात शिरली. आता तळापासून वर येऊन पृष्ठभागावर अशी दाट पसरते की बगळा तिच्यावर उभा राहतो. जलपर्णी तर पुण्याच्या नदीवर पाहिलेलीच असते. या दोघींशिवाय कमळाची पानं, पाणकणीस, आणि किसिमी ग्रास नावाचं ताठ काड्यांचं गवत. प्रत्येकाचं देठ वेगळं, म्हणून हत्यारही वेगळं. हायड्रिला मऊ, दोरीने कापली जाते. कमळाचं देठ चिवट, ते कापलं जात नाही, गुंडाळलं जातं. किसिमी ग्रासच्या काड्यांमधून काहीतरी पोहत नेता येतं. जलपर्णीच्या जाड थरातून मात्र खाली भोकच पाडावं लागतं.

मासा त्यात का बसतो? सावली, आणि जेवण दारात. वर सूर्य आग ओकत असतो तेव्हा थराखाली अंधार असतो, आणि तिथे ब्लूगिल नावाचे तळहाताएवढे मासे किडे टिपत असतात. इंजिन बंद करून गप्प बसलं की चट् चट् आवाज येतो. तो आवाज ऐकू येईपर्यंत मी रॉड हातात घेत नाही. शेजारचे म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या बोटीतून मी जाते (त्यांना मी मनातल्या मनात काका म्हणते), ते तर डोळे मिटून ऐकतात. मला आधी वाटायचं झोपलेत.

आता दोरी. पैसे घालायचे तर इथे घाला. विणलेली लाइनच, म्हणजे ब्रेडेड, बेडकासाठी (रबरी बेडूक हे आमिष, पुढे सांगते) 50 पौंडी आणि गवताच्या जाड थरासाठी 65. भाचा म्हणाला, "फ्लोरोकार्बनची दोरी पाण्यात दिसत नाही म्हणे." मान्य. पण जिथे मासा आमिष पाहतो त्याच क्षणी गिळतो आणि भोवती अंधार नि काड्या असतात, तिथे दोरी दिसली काय न दिसली काय. प्रश्न पुढच्या दोन सेकंदांचा असतो. गळाला लागलेला बास सरळ खाली बुडी मारतो आणि देठांभोवती वेटोळं घालतो. फ्लोरोकार्बन नि आपलं तंगूस दोन्ही ताणतात, त्या ताणात माशाला हात-दीड हात मिळतो आणि खेळ संपतो. विणलेली लाइन जवळजवळ ताणतच नाही, शिवाय मऊ देठ करवतीने कापावं तसं कापत येते. 65 पौंडीची जाडी साधारण 16 पौंडी तंगुसाएवढीच असते, त्यामुळे रीलवर जागाही खात नाही. फक्त स्पूलवर, म्हणजे रीलच्या चक्रीवर, आधी थोडं तंगूस गुंडाळा, त्यावर ही. नाहीतर सगळी गुंडाळी स्पूलवर नुसतीच गरगर फिरते आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक, घसरतोय असं वाटत राहतं. ड्रॅग मात्र पूर्ण आवळलेला. गवतात मासा खेळवायचा नसतो, ओढून काढायचा असतो.

रॉड दोन पुरतात. पहिला 7 फूट ते 7 फूट 4 इंच, हेवी म्हणजे कडक, टोकाशी जरा नरम, कारण बेडूक अचूक फेकायला आणि नाचवायला टोक वाकावं लागतं. दुसरा साडेसात ते आठ फुटी, एक्स्ट्रा हेवी, हा फक्त भोकं पाडायला. लांबी कशाला? मासा लागल्यावर त्याला उभा वर उचलायचा असतो, आडवा ओढला की गवताची मोळीच हाताशी येते. दोन्हींवर बेटकास्टर रील (रॉडच्या वर बसणारं, आडव्या चक्रीचं), गिअर 7:1 च्या वर, म्हणजे हँडलच्या एका फेरीत चक्री सातहून जास्त वेळा फिरते आणि सैल दोरी झटकन गोळा होते. महागाचं रील नको. मजबूत हँडल बघा आणि पुढे चला.

बेडूक हा माझा लाडका विषय. पोकळ, मऊ रबराचा, दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे पानांवरून सरकताना अडकत नाही. दुकानात याचे इतके रंग असतात की साडीच्या दुकानात आल्यासारखं वाटावं. माझ्याकडे दोनच आहेत, एक पांढऱ्या पोटाचा आणि एक काळा. मासा खालून बघतो, त्याला पाठीवरचे ठिपके दिसत नाहीत. ते ठिपके आपल्यासाठी असतात. नवा बेडूक घेतला की मी तीन कामं करते. पक्कडीने दोन्ही गळांची टोकं केसभर बाहेर वाकवते. पायांच्या रबरी झालरी कापून आखूड करते, एक बाजू किंचित लांब ठेवून, म्हणजे तो जागच्या जागी डावी-उजवीकडे मान हलवतो. आणि अगदी जाड थरावर न्यायचा असेल तर पोटात चार-दोन छर्रे भरते, म्हणजे वजनाने थर जरा दबतो आणि खालच्याला चाहूल लागते. दर थोड्या वेळाने पिळून आतलं पाणी काढायचं, नाहीतर तो बुडायला लागतो.

पाणी फुटलं की लगेच झटका द्यायचा नाही. बऱ्याचदा मासा पहिल्या हल्ल्यात नुसतं गवत उडवतो. बेडूक दिसेनासा झाला, दोरी ओढली गेली, हाताला वजन कळलं, मग सगळ्या अंगानिशी. याच बेडकामागे कधीकधी मगरीचं पिल्लू, म्हणजे इथलं ॲलिगेटर, येतं. अशा वेळी शहाण्याने बेडूक गुंडाळून दुसरीकडे जावं.

उन्हं चढली की बेडूक आत आणि लांब रॉड बाहेर. याला इथे पंचिंग म्हणतात. बंदुकीच्या गोळीसारखं टंगस्टनचं वजन, एक ते दोन औंस, मागे छोटं रबरी आमिष, 4/0 किंवा 5/0 मापाचा सरळ दांड्याचा जाड गळ. वजन आणि गळ वेगळे होऊ नयेत म्हणून वर रबरी अटकाव. टंगस्टन का, तर ते शिशापेक्षा खूप घन, तेवढ्याच वजनाला लहान होतं, आणि भोक जितकं लहान तितकं आत जाणं सोपं. महाग आहे, मला दर वेळी जिवावर येतं. आत जाईल तितकंच हलकं लावायचं. एक औंस शिरत असेल तर दीड लावून मिरवायचं कारण नाही. आमिषही सडपातळ हवं, लांब नांग्यांची खेकडेवजा रबरं वरच्या वरच अडकून बसतात.

गाठ स्नेलची, गळाच्या दांड्यालाच वेटोळी घालून बांधलेली. दोरी गळाच्या डोळ्यात, म्हणजे भोकात, पुढच्या बाजूने, म्हणजे टोक ज्या अंगाला आहे तिकडून घातली, की झटक्यासरशी वजन डोळ्यावर आपटतं आणि गळाचं टोक जबड्याकडे उसळतं. बेडकाला पालोमार गाठ. रबरी किड्यांसाठी मिळणारे बारीक तारेचे गळ 65 पौंडी लाइनला लावू नयेत, ते सरळ होऊन परत येतात, मासा येत नाही.

बहुतेक मासे वजन खाली पडतानाच घेतात. दोरी मध्येच थांबली, बाजूला सरकली की उचला. खाली तळाला लागल्यावर एकदा-दोनदा हलवायचं, नाही तर पुढचं भोक.

किसिमी ग्रासच्या काड्यांत मात्र हे सगळं जड हत्यार उगाच. तिथे टेक्सास रिगवर, म्हणजे गळाचं टोक रबरातच लपवून लावलेला बिनवजनाचा रबरी किडा, बेडकाच्याच रॉडवर चालतो.

रेवदंड्याहून आईचा फोन आला की ती विचारते, "जिताड्यासारखा लागतो का गं?" मी सांगते, आम्ही सोडून देतो. कायद्याने दिवसाला पाच नेता येतात, त्यातला 16 इंच किंवा वरचा एकच, पण मोठी मादी मारायची माझी इच्छा होत नाही. आठ पौंडांवरचा मासा जिवंत सोडून त्याचा वजनासकट फोटो पाठवला तर राज्याच्या ट्रॉफीकॅच योजनेतून बक्षीसही मिळतं. आईला हे पटत नाही. "धरायचा नि सोडायचा, मग जायचं कशाला?" यावर माझ्याकडे तिला पटेल असं उत्तर नाही.

सोबत लांब नाकाची पक्कड, विणलेली लाइन कापणारी चांगली कात्री (नेलकटरने ती चावल्यासारखी होते), आणि पोलराइज्ड चष्मा. अडकलेली लाइन हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट कापतं. लाकडाच्या दांडक्याला गुंडाळा. आणि परत येताना रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्याबाहेर काढायच्या उतारावर, बोट नि ट्रेलर झाडून घ्या. हायड्रिलाचा वीतभर तुकडा दुसऱ्या तलावात पडला तरी मूळ धरतो.