९१ दिवसांची एफडी आणि कोबोलमधली तारीख

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात कोबोल (बँकांमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) शिकणाऱ्यांची नवीन बॅच आली की मी त्यांना आधी एक बेरीज देते. ३१ जानेवारी २०२४ ला ठेवलेली ९१ दिवसांची एफडी कधी मॅच्युअर होईल?

फाइलमध्ये ही तारीख २०२४०१३१ अशी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पिक ९(८) मध्ये म्हणजे आठ अंकांच्या जागेत बसलेली असते. फील्ड अंकी दिसतं म्हणून कुणीतरी सरळ ‘ॲड ९१’ लिहितं आणि उत्तर येतं २०२४०२२२, म्हणजे २२ फेब्रुवारी. एस-झिरो-सी-सेव्हन, म्हणजे चुकीच्या डेटाची एरर, येत नाही, जॉब हिरवागार संपतो, व्हॅलिडेशनही या तारखेला अडवत नाही, कारण २२ फेब्रुवारी कॅलेंडरमध्ये आहेच. ३५ फेब्रुवारी आली असती तर निदान कुणाच्या तरी डोळ्यात खुपली असती. इथे ९१ दिवसांचं व्याज ठरलेल्या माणसाची ठेव २२ दिवसांत मोडते आणि रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबच्या बॅचमध्ये कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून मी या बेरजेपाशी अडून बसते.

त्याऐवजी कोबोलमधलं तयार फंक्शन इंटिजर-ऑफ-डेट वापरायचं. ते तारखेला दिवसाचा क्रमांक देतं. १ जानेवारी १६०१ हा त्याचा पहिला दिवस. त्या हिशेबाने ३१ जानेवारी २०२४ म्हणजे १५४५२८. त्यात ९१ मिळवले की १५४६१९, आणि डेट-ऑफ-इंटिजरने परत फिरवलं की २०२४०५०१. फेब्रुवारी २९ दिवसांचा होता हे आपल्याला कुठे सांगावंच लागलं नाही.

१६०१ का, तर ग्रेगोरियन कॅलेंडरचं चक्र ४०० वर्षांनी फिरतं आणि १६०१ पासून एक नवं चक्र सुरू होतं. शिवाय १ जानेवारी १६०१ ला सोमवार होता. त्यामुळे क्रमांकाला ७ ने भागलं की बाकी हाच वार: १ सोमवार, ० रविवार. १५४६१९ ची बाकी ३, म्हणजे बुधवार. मला हे अजूनही फार देखणं वाटतं.

पण १ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, मुंबईत बँका बंद. ते कुठल्याही फंक्शनला कळत नाही. सुट्ट्यांची फाइल वेगळी ठेवावी लागते, तीही राज्यवार. आणि मुदत महिन्यांत असेल तर इंटिजर-ऑफ-डेट एकटं पुरत नाही. ३१ जानेवारीत एक महिना मिळवायचा तर महिना आपणच वाढवायचा आणि दिवस त्या महिन्याच्या अखेरीला आणून थांबवायचा.

दिवस आधी लिहिलेली तारीख फक्त पासबुकावर छापायची, पिक ९९/९९/९९९९ मधून. सॉर्टला, म्हणजे नोंदी क्रमाने लावायला, ती दिली की ०१०५२०२४ हे ३१०१२०२४ च्या आधी येतं, मे जानेवारीच्या पुढे जाऊन बसतो.

आजची तारीख हवी असेल तर नुसतं ‘ॲक्सेप्ट फ्रॉम डेट’ नको, ते आजही वर्षाचे दोनच धरून सहाच अंक देतं. फंक्शन करंट-डेट २१ अक्षरं देतं, त्यातली पहिली ८ घ्या.